एकच बिल डेटाबेसमध्ये दोनदा पडतंय: आवर वर्कफ्लोत नको, टेबलात घाला

तुमची अडचण मला कळली ती अशी: बिल बनलं की इन्व्हॉइसिंग सॉफ्टवेअरचा वेबहुक (काही घडताच ते आपणहून पाठवतं तो संदेश) येतो, एन८एन (कामांची साखळी, म्हणजे वर्कफ्लो, आपोआप चालवणारं साधन) तो पकडून पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ओळ घालतं, पण अधूनमधून एकाच बिलाच्या दोन ओळी दिसतात. 'आधी शोध, नसेल तर घाल' ही पायरी टाकूनही थांबत नाही.

त्या पायरीने थांबणारही नाही. एकच वेबहुक जेमतेम अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोनदा आला असं धरा. पहिला वर्कफ्लो शोधतो, ओळ नाही. त्याने ती घालण्याआधीच दुसरा शोधतो, त्यालाही नाही. मग दोघेही इमानेइतबारे ओळ घालतात.

वेबहुक दोनदा येणं हा बिघाड नाही. पाठवणाऱ्याला वेळेत २०० (म्हणजे 'पोचलं') हे उत्तर मिळालं नाही की तो पुन्हा पाठवतो. स्ट्राइप (ऑनलाइन पेमेंट सेवा) तर लाइव्ह मोडमध्ये ३ दिवसांपर्यंत प्रयत्न करत राहतं. तेव्हा दोनदा येणार हे धरूनच चाला.

इलाज टेबलात आहे. बिलाच्या आयडीवर युनिक बंधन, म्हणजे तोच आयडी दुसऱ्या ओळीत येऊ न देणारी अट, लावा (आधीच्या जोड्या साफ केल्याशिवाय ते लागणार नाही) आणि साध्या इन्सर्टऐवजी 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट' (ओळ आधीच असेल तर तीच बदल) वापरा. पोस्टग्रेस ९.५ पासून ते आहे. आयडी म्हणजे सॉफ्टवेअरचा अंतर्गत आयडी, छापील बिल क्रमांक नव्हे. मी एकदा क्रमांकावर बंधन लावून निर्धास्त झालो होतो. मसुद्यातल्या बिलांना क्रमांकच नसतो, तिथे नल (रिकामी नोंद) पडतं, आणि युनिक बंधन तपासताना पोस्टग्रेस दोन नल सारखे मानत नाही. सगळे मसुदे आरामात दुप्पट झाले!

दुसरं, वेबहुक क्रमानेच येतील याची खात्री नसते. 'पैसे मिळाले' आधी आणि 'बिल पाठवलं' नंतर आलं, तर चुकतं झालेलं बिल पुन्हा थकीत दिसेल. म्हणून त्या अपडेटला अट जोडा: आलेला बदल-वेळ टेबलातल्या वेळेपेक्षा नवा असेल तरच लिहायचं. एन८एनच्या तयार 'इन्सर्ट ऑर अपडेट'मध्ये ही अट बसत नाही, 'एक्झिक्यूट क्वेरी' घ्या आणि क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) स्वतः लिहा.

एन८एनमधल्या वेबहुक नोडचं (पायरीचं) उत्तर 'इमिजिएटली'वर (संदेश मिळताच लगेच) ठेवा, म्हणजे पुन्हा पाठवणं बरंच कमी होईल. पण मग डेटाबेस बंद असताना आलेलं बिल गेलंच, कारण पाठवणाऱ्याच्या लेखी ते पोचलेलं असतं. त्यासाठी रात्री एक वेगळा वर्कफ्लो लावा: मागच्या दोन दिवसांत बदललेली बिलं एपीआयने (सॉफ्टवेअरकडून माहिती मागून घ्यायची सोय) ओढायची आणि त्याच क्वेरीतून सोडायची. आयडीवर बंधन असल्याने तीच बिलं पुन्हा आली तरी बिघडत नाही. खरं सांगायचं तर आकडे ताजे लागत नसतील, तर हा रात्रीचा वर्कफ्लो एकटाच पुरतो. वेबहुकच्या भानगडीत पडूच नका.

आणि रकमेचा कॉलम फ्लोट (आकडे अंदाजे साठवणारा प्रकार) असेल तर आजच न्यूमेरिक (अचूक साठवणारा) करा.