ऑस्ट्रेलिया निर्वासितांच्या बोटी परत पाठवतो, त्यावर इंडोनेशिया एवढा का चिडतो?

कारण ‘परत’ म्हणजे इंडोनेशियाच्याच दारात. अफगाणिस्तान, इराणहून निघालेली माणसं इंडोनेशियात पोचतात आणि दलालाला पैसे देऊन ऑस्ट्रेलियाकडे जायला मासेमारीच्या बोटीत बसतात. इंडोनेशिया काही त्यांचा देश नव्हे, १९५१च्या निर्वासित करारावर त्याची सहीही नाही. मग ‘आमच्या गळ्यात का?’ हा सवाल मला तरी रास्त वाटतो.

२०१३मध्ये ऑस्ट्रेलियानं बोटी अडवायचं काम लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखाली दिलं. त्याच नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाच्या हेरांनी इंडोनेशियाच्या अध्यक्षांचा फोन टॅप करायचा प्रयत्न केल्याचं बाहेर आलं. झालं, जकार्तानं राजदूत माघारी बोलावला आणि माणसांच्या तस्करीविरोधातलं सहकार्यही थांबवलं. जानेवारी २०१४मध्ये ऑस्ट्रेलियाची जहाजं इंडोनेशियाच्या हद्दीत घुसली, माफी मागावी लागली. पुढे तर माणसांना नारिंगी, बंद लाइफबोटींत बसवून जावाकडे सोडलं. आणि तस्करी रोखायला २००२मध्ये सुरू झालेल्या ‘बाली प्रोसेस’ या अनेक देशांच्या मंचाचे सहअध्यक्ष कोण, तर हेच दोघे!

आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-पोरं. पण ते सरकारांनी आधी आपसांत ठरवून आणलेले, म्हणून भांडण झालं नाही. ऑस्ट्रेलियानंही २०११मध्ये मलेशियाशी असंच ठरवलं होतं: बोटीनं आलेले ८०० तिकडे, बदल्यात मान्यता मिळालेले ४००० निर्वासित इकडे. ते ऑस्ट्रेलियाच्याच हायकोर्टानं रोखलं.