मोसंबीची नवी पालवी पिवळी: जिप्समआधी मुक्त चुना तपासा

दादा, तुमचा फोटो बघून आमची जुनी बाग आठवली. कोवळं पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या, जुनी पानं धडधाकट. ही लोहाची कमतरता. खणताना पांढरे खडे लागतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे कारण चुनखडीच, तिच्यामुळे मातीतलं लोह अडकतं आणि मुळांना मिळत नाही. दुकानदार म्हणतो ते जिप्सम आणू नका. ते सोडियममुळे चोपण झालेल्या जमिनीचं औषध आहे. तुमच्याकडे कॅल्शियम आधीच उदंड आहे.

आमचा घात माती परीक्षणाच्या अहवालाने केला. सामू (pH), क्षारता, नत्र, स्फुरद, पालाश सगळं छापलेलं आणि मुक्त चुन्याच्या (मातीत मिसळलेल्या चुनखडीच्या) रकान्यात नुसती रेघ. प्रयोगशाळेत विचारलं तर उत्तर, "फळबागेला चालेल." नमुनाही वरच्या वीतभर मातीचाच मागितला होता. मोसंबीची मुळं काय वीतभरावर थांबतात? त्या रेघेपायी ऐन बहाराची झाडं उपटावी लागली. नाव घेत नाही, पण राग अजून आहे. तुम्ही 3 फूट खड्डा घ्या, प्रत्येक फुटाची माती वेगळी द्या आणि मुक्त चुन्याचा आकडा लेखी मागा. 10 टक्क्यांच्या वर मोसंबी लावूच नये, हे माझं मत.

तोवर खड्ड्याच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकून बघा (हातमोजे घालून). जिथे जोरात फसफसेल तिथे चुना जास्त.

"गंधक टाका, चुना जाईल" असंही कुणी सांगेल. हिशेब करा: एकरी वरच्या 15 सेंमी थरात साधारण 8 लाख किलो माती. 1 टक्का चुना म्हणजे 8 टन, तो संपवायला अडीच टन गंधक. 12 टक्के असेल तर 30 टन! एवढा चुना आला कुठून? आपल्या काळ्या दगडातून सुटलेलं कॅल्शियम कोकणात पावसाने वाहून जातं. आपल्याकडे पाणी आटतं आणि ते कॅल्साइट, म्हणजे चुनखडी, होऊन तिथेच बसतं. हजारो वर्षांचा साठा आहे तो. गंधक शेणखतात मिसळून फक्त मुळांजवळ दिलं तर तेवढ्या जागेपुरता फरक पडतो.

लोह देताना जमिनीत फेरस सल्फेट नको, ते लगेच अडकतं. ईडीटीए चिलेटही (लोह धरून ठेवणारं खत) जास्त सामूत टिकत नाही. ईडीडीएचए हे दुसरं चिलेट महाग आहे, पण तेच टिकतं. मी शेतकरी आहे, तज्ज्ञ नाही. आधी दोन-चार झाडांवर बघा. नवीन लागवडीला रंगपूर लिंबाचा खुंट (ज्याच्यावर कलम बांधतात ते मुळाकडचं झाड) मागा, चुनखडीत तो बरा तग धरतो.

तुमच्या कलमांचा खुंट कोणता? आणि ड्रिपरच्या तोंडावर पांढरा थर धरतो का? धरत असेल तर विहिरीचं पाणीही तपासायला द्या, बायकार्बोनेटसकट.