आजेसासूबाई ‘आर्मी’त होत्या, लष्करात नव्हत्या

प्रश्न : माझ्या आजेसासूबाई मूळच्या इंग्लंडच्या, केंटकडच्या. लग्न तिकडेच झालं आणि १९४८ साली त्या पुण्यात आल्या. महायुद्धात त्या ‘लँड आर्मी’त होत्या, एवढंच घरात सांगतात. फेल्टची हॅट आणि दंडावर पट्टी, असा एक फोटो आहे. लष्करी सेवेच्या नोंदींत त्यांचं नाव सापडलं नाही. त्या कोणत्या शेतावर होत्या, हे कळेल का? – एक वाचक, एरंडवणे

उत्तर : लष्करी नोंदींत नाव सापडणारच नाही. विमेन्स लँड आर्मी ही शेतावर काम करणाऱ्या स्त्रियांची, ब्रिटिश शेतीखात्याची संघटना होती, पगार शेतकरी देत. ती पहिल्यांदा १९१७ मध्ये निघाली, जून १९३९ मध्ये पुन्हा उभी राहिली आणि नोव्हेंबर १९५० मध्ये विसर्जित झाली. सेवेच्या मूळ फायली नष्ट झाल्या आहेत. उरली आहेत ती फक्त नावनिहाय सूचीकार्डं. ती लंडनमधल्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये (राष्ट्रीय अभिलेखागारात) ‘एमएएफ ४२१’ या क्रमांकाखाली मायक्रोफिशवर, म्हणजे सूक्ष्म छायाचित्रांच्या फिल्मवर, आहेत आणि ‘अ‍ॅन्सेस्ट्री’ या वंशावळ शोधण्याच्या संकेतस्थळावर पैसे भरून घरबसल्या पाहता येतात.

कार्ड माहेरच्या आडनावाने शोधा. सासरच्या आडनावाने शोधून ‘नोंदच नाही’ म्हणणारे फार. माहेरचं आडनाव खात्रीने माहीत नसेल, तर आधी लग्नाची नोंद काढा. इंग्लंड-वेल्सच्या विवाहसूचीत १९१२ पासून जोडीदाराचं आडनावही छापलेलं आहे, त्यामुळे आपल्या मराठी आडनावावरून तिकडचं आडनाव सापडतं. स्पेलिंग मात्र तीन-चार तऱ्हांनी बदलून पाहा. सूचीवरून दाखल्याची प्रत जरूर मागवा. त्यात लग्नाच्या वेळचा पत्ता, व्यवसाय आणि वडिलांचं नाव असतं.

कार्डावर जन्मतारीख, सदस्य क्रमांक, भरती झाल्याची आणि सोडल्याची तारीख मिळण्याची शक्यता आहे. पत्ता मात्र जपून वाचा. तो बहुधा भरतीच्या वेळचा राहत्या घरचा असतो, शेताचा नव्हे. त्या पत्त्यावरून शेत ठरवून मोकळं होणं ही या शोधातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. जन्मतारीख पडताळायला २९ सप्टेंबर १९३९ची राष्ट्रीय नोंदवही कामी येते. ती पुढेही वापरात राहिल्याने लग्नानंतरचं आडनाव बऱ्याचदा तिच्यात वर लिहिलेलं दिसतं.

आता शेत. यासाठी क्यूला जाण्याआधी घरातली ट्रंक उघडा. युद्धकाळातलं ओळखपत्र जपलेलं असेल, तर त्याच्या आतली बाजू बघा. पत्ता बदलला की नवा पत्ता तिथे लिहून त्यावर नोंदणी कार्यालयाचा शिक्का मारत. शेतावर किंवा मुलींच्या वसतिगृहात राहायला गेलेल्या मुलीचा माग लागतो तो तिथे. जुनी पाकिटं, फोटोची मागची बाजूही सोडू नका. फोटोतल्या पट्टीवर भिंग धरा. दर सहा महिन्यांच्या सेवेला अर्ध्या चौकटीच्या (‘हाफ डायमंड’) आकाराचा एक कापडी बिल्ला मिळे, तो पट्टीवर शिवत. मोजलेत तर निदान किती काळ काम केलं होतं, याचा अंदाज येईल.

गावाचं नाव हाती आलं की १९४१ ते १९४३ दरम्यानची राष्ट्रीय शेतपाहणी मागवा. कागद ‘एमएएफ ३२’मध्ये काउंटी (जिल्हा) आणि पॅरिशनुसार (गावपातळीचा विभाग) लावलेले आहेत, नकाशे ‘एमएएफ ७३’मध्ये. पाच एकर आणि त्यावरच्या शेतांची पिकं, जनावरं, मजुरांची संख्या, एवढंच काय, शेतकरी शेती कशी करतो याची अ, ब, क अशी प्रतवारीही त्यात आहे. नसतात ती मजुरांची नावं. म्हणून आजेसासूबाईंचं नाव ‘एमएएफ ३२’मध्ये शोधू नका. शेत ठरल्यावर ते कसं होतं, हे समजून घ्यायला ते कागद वाचा.

प्रश्न : १९४३-४४ मध्ये आजोबा जुन्नर तालुक्यात दुसऱ्याची जमीन कसत होते. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही. – एक वाचक, हडपसर

उत्तर : आजच्या सातबाऱ्यावर नसेलच. त्या वर्षांची पीकपाहणी आणि फेरफार बघा, कारण कसणाऱ्याचं नाव तिथे येतं. पण आजचा गट नंबर घेऊन जाऊ नका. जमिनीचे तुकडे एकत्र करून गट पाडण्याचा, म्हणजे एकत्रीकरणाचा कायदा १९४७चा आहे, म्हणजे त्याआधीचे कागद सर्व्हे नंबरवर आहेत. तेव्हा आधी गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर काढून घ्या. स्कॅन झालेले अभिलेख ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर मिळतात. तिथे नसतील, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. अर्जात गाव, सर्व्हे नंबर आणि वर्षं तिन्ही लिहा. नुसतं ‘जुना उतारा’ म्हटलंत, तर हवं ते वर्ष हाती येईलच असं नाही. अक्षर मोडी असेल, तर आकडे आणि नावं जाणकाराकडून वाचून घ्या.

‘इतर हक्क’ या रकान्यात सा.कु. म्हणजे साधं कूळ, सं.कु. म्हणजे संरक्षित कूळ. आजोबा कूळ असतील तर नाव सापडायला वाव आहे. सालगडी असतील, तर महसुली कागदात नाव शोधून उपयोग नाही. मग जमीनमालकाच्या घरी जुन्या हिशेबाच्या वह्या राहिल्या आहेत का, ते विचारा. सालाचे पैसे आणि धान्य कोणाला किती दिलं, हे तिथे लिहिलेलं सापडू शकतं.