पीएचपीचं एक्स्टेन्शन टाकलं, तरी ‘मिसिंग’च?

सर्व्हरवर पीएचपीचं (वेबसाइट चालवणाऱ्या भाषेचं) एक्स्टेन्शन, म्हणजे जादा सोय देणारा जोड-भाग, टाकूनही साइट तो ‘मिसिंग’ म्हणते? घाबरू नका. बहुतेक वेळा एक्स्टेन्शन आलेलं असतं, पण भलत्याच पीएचपीला. टर्मिनलमधलं पीएचपी वेगळं, वेबसर्व्हरमागचं एफपीएम (साइटसाठी पीएचपी चालवणारी सेवा) वेगळं. दोघांच्या आयएनआय (सेटिंगच्या) फायलीही अनेकदा वेगळ्या. म्हणून टर्मिनलवरच्या एक्स्टेन्शनच्या यादीवर विसंबू नका. पीएचपीइन्फोचं (पीएचपीची सगळी माहिती दाखवणारं) पान ब्राउझरमध्ये उघडून व्हर्जन बघा. (काम झालं की ते पान लगेच उडवा, जगाला दाखवायची गोष्ट नाही ती.)

मग:
- पॅकेज त्याच व्हर्जनचं घ्या. 8.2 चालू असताना 8.3 चं एमबीस्ट्रिंग (हे असंच एक एक्स्टेन्शन) टाकून उपयोग शून्य.
- डेबियन-उबुंटूवर (लिनक्सच्या प्रकारांवर) पॅकेजची नावं फसवतात: डॉम हे एक्स्टेन्शन हवं तर एक्सएमएलचं पॅकेज टाकायचं.
- एफपीएम रीस्टार्ट करा. नुसतं एनजिनएक्स (वेबसर्व्हर) रीस्टार्ट केलंत तर काही हलणार नाही.

आयएनआयमध्ये हाताने ओळी घालायच्या भानगडीत एवढ्यात पडू नका. अडलंच तर एफपीएमच्या लॉगमधली ओळ जशीच्या तशी पाठवा.