पालकावर लक्ष कोणी ठेवायचे?

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि कुटुंब

प्रश्न : आमचे मूळ घर राजापूर तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका वाडीत आहे. माझे वडील लवकर गेले आणि मी आजीच्या हाताखाली वाढले. आजी जुन्या काळची सातवी शिकलेली होती. आंब्याच्या पेट्या किती गेल्या, आमसुले कोणाला दिली, गड्याला उचल किती दिली, हे सारे ती कॅलेंडरच्या पानांच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवी आणि महिना संपला की ते पान सुतळीत ओवून माजघरातल्या खुंटीला लटकवी. पोस्टाचे पासबुक तांदळाच्या पिंपात असे. पुढे पडवीत घसरून तिचे खुब्याचे हाड मोडले आणि ती अंथरुणाला खिळली, तेव्हा काकांनी तिच्याकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतले व पासबुक पिंपातून त्यांच्या कपाटात गेले. मी फोन केला की तो स्पीकरवर असे. प्रश्न आजीला विचारला तरी उत्तर काका देत. गणपतीला गावी गेले तरी तिच्याजवळ एकटीला बसू देत नसत, कारण ‘मग ती रडत बसते’. ती गेल्यावर सातबारा काढला तेव्हा हापूसची बाग बक्षीसपत्राने काकांच्या नावे झाल्याचे समजले. त्या दस्तावर आजीचा अंगठा आहे आणि आजी तर जन्मभर सही करीत आली होती.

आता आजीच्या धाकट्या जाऊबाई, ज्यांना आम्ही धाकटी आजी म्हणतो, त्यांना विसर पडू लागला आहे. त्यांना मूलबाळ नाही. त्यांचा कारभारही काकाच पाहतात आणि बँकेची कामे अडू नयेत म्हणून न्यायालयातून काकांनाच त्यांचे पालक नेमून घ्यावे, असे मुंबईची भावकी म्हणते. अमेरिकेत ब्रिटनी स्पीअर्स या गायिकेला वडिलांच्या पालकत्वाखाली तेरा वर्षे काढावी लागली, असे मी वाचले होते. आपल्याकडेही तसे होऊ शकते का? मी विरोध करावा का? आणि आजीच्या बाबतीत आता काही करता येईल का?

– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : आधी धाकट्या आजींचे पाहू, कारण त्या हयात आहेत आणि त्यांच्या बाबतीत अजून पुष्कळ काही हातात आहे. एक गोष्ट मात्र प्रारंभीच सांगतो. मी तुमच्या काकांची बाजू ऐकलेली नाही, त्यामुळे त्यांनी काय केले याविषयी मत देणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे सारे करणे हे किती कष्टाचे काम असते, हे गावात राहणाऱ्याला ठाऊक असते, आणि ते करणाऱ्यावर मुंबईहून सणापुरते येणाऱ्यांनी संशय घेणे हेही कोकणात नवे नाही. तरीही फोन सतत स्पीकरवर ठेवणे आणि नातीला आजीजवळ एकटी बसू न देणे या दोन गोष्टी मला मालमत्तेच्या कागदांपेक्षा अधिक गंभीर वाटतात.

याचे कारण अमेरिकेच्या उदाहरणातच सापडते. स्पीअर्स यांचे प्रकरण कॅलिफोर्नियातले. तेथे प्रौढ व्यक्तीची देखभाल आणि तिची मालमत्ता यांसाठी न्यायालय पालक नेमते. 2008 च्या फेब्रुवारीत सुरू झालेली ही व्यवस्था 12 नोव्हेंबर 2021 रोजी संपली. या सर्व काळात न्यायालय होते, हिशेब सादर होत होते, तारखाही पडत होत्या. परंतु स्वतःच्या पसंतीचा वकील त्यांना 2021 च्या जुलैमध्ये मिळाला. याहून वाईट प्रकार नेव्हाडा राज्यातला आहे. लास वेगास परिसरात एप्रिल पार्क्स नावाची व्यावसायिक पालक न्यायालयाच्या आदेशाच्या बळावर अनोळखी वृद्धांचा ताबा घेई, त्यांना घरातून हलवी आणि त्यांच्या मालमत्तेची विल्हेवाट लावी. तिला 2019 मध्ये 16 ते 40 वर्षांची शिक्षा झाली. ज्यांची मुले जवळपास राहत होती, अशी माणसेही तिच्या तावडीत सापडली होती. आदेश न्यायालयाचा असला म्हणून पालकावर कोणाची नजर असतेच, असे नाही.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धासाठी पालक नेमण्याचा सरळ, एकच कायदा आपल्याकडे नाही. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाला मालमत्तेचा व्यवस्थापक नेमता येई; 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला आणि ती तरतूद गेली. 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरता आहे. दिव्यांग हक्क कायदा, 2016 याच्या कलम 14 मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे आणि ती मला मनापासून आवडते, कारण तीत पालकाने त्या व्यक्तीच्या बरोबरीने, तिच्या इच्छेनुसार, ठरावीक निर्णयापुरते आणि ठरावीक मुदतीपुरते काम करायचे असते. ज्यांचे भान पूर्णपणे हरपले आहे अशांसाठी कुटुंबीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात जातात. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत; म्हणजे तुम्हाला मुंबई न गाठता अणुस्कुरा घाट चढून जाता येईल.

पण धाकट्या आजींना तेवढी गरज आहे का, हा खरा प्रश्न आहे. ‘विसर पडू लागला आहे’ यापलीकडे तुम्ही काही लिहिलेले नाही. पेज घेतली की नाही हे न आठवणारी बाई आपली काजूची बाग कोणाला द्यायची नाही, हे ठामपणे सांगू शकते. भारतीय करार कायद्याचे कलम 12 हेच मानते: एरवी भान नसलेला माणूसही भानावर असताना करार करू शकतो. म्हणून पहिले काम तुम्ही त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्याचे आहे. रत्नागिरीच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात न्या किंवा खासगी डॉक्टरांकडे न्या. मात्र दाखल्यात केवळ ‘स्मृतिभ्रंश’ एवढाच शब्द नको. त्यांना पैशांचे व्यवहार कळतात का, औषधोपचाराचा निर्णय घेता येतो का, माणसे ओळखता येतात का, याची वेगवेगळी नोंद मागा. सरसकट ‘असमर्थ’ असा शेरा एकदा पडला की तो पुढच्या प्रत्येक कार्यालयात त्यांच्या आधी जाऊन बसतो.

भान शाबूत असेल तर मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 14 खाली त्या साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतात. हा अधिकार उपचारांपुरता असतो, पैशांना त्याचा हात लागत नाही. मला तर हाच त्याचा मोठा गुण वाटतो. औषधपाण्याचे तुम्ही पाहिलेत आणि बागेचे काकांनी पाहिले, तर निदान दोन माणसांचे पाय त्या घराला लागतील. बँकेच्या अडचणीसाठीही पालकच हवा असे नाही. आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन, ज्यांपैकी एक बँकेचा अधिकारी असतो, पैसे देण्याची पद्धत आहे. शाखा व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

धाकट्या आजींनी काकांना कुलमुखत्यारपत्र दिले आहे का, याची चौकशी करा. दिले असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. करार कायद्याच्या कलम 213 नुसार मुखत्याराने मागितल्यावर हिशेब द्यावा लागतो. बाग कोणाला कराराने दिली, किती रकमेला आणि ती रक्कम कोणत्या खात्यात गेली, हे विचारण्याचा धाकट्या आजींना पूर्ण अधिकार आहे. दुसरे, कलम 201 नुसार देणाऱ्याचे मानसिक संतुलन गेले की ते पत्र संपते. ‘तिला आता काही कळत नाही, म्हणून मी सही करतो’ असे सांगणारा मुखत्यार स्वतःच्याच तोंडाने आपला अधिकार संपल्याचे सांगत असतो, आणि हे वाक्य कोकणातल्या किती पडव्यांमध्ये रोज ऐकू येते!

तरीही प्रकरण उच्च न्यायालयात गेलेच, तर नुसता विरोध करू नका. तुम्हीही हजर व्हा आणि अटी मागा: स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता किंवा बक्षीस देता येऊ नये, दर सहा महिन्यांनी हिशेब सादर व्हावा व त्याची प्रत तुम्हालाही मिळावी, आणि तुम्हाला पालकाच्या अनुपस्थितीत धाकट्या आजींना भेटता व फोनवर बोलता यावे. ही शेवटची अट वकील अनेकदा किरकोळ म्हणून वगळतात. ती वगळू देऊ नका, कारण हिशेबात दिसत नाही ते माणूस एकट्यात सांगते. दोन संयुक्त पालक मागण्याचाही विचार करावा.

धाकट्या आजींची आबाळ होत असेल तर पालकत्वाची वाट पाहण्याचे कारण नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण कायदा, 2007 हा निपुत्रिक ज्येष्ठालाही लागू होतो: ज्या सज्ञान नातेवाइकाच्या ताब्यात त्यांची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती वारशाने मिळणार आहे, त्याची ऐपत असेल तर निर्वाहाची जबाबदारी त्याच्यावर येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. स्वतः येणे जमत नसेल तर धाकट्या आजी तुम्हाला अधिकार देऊ शकतात, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. 14567 हा ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांकही जवळ ठेवा.

आता आजींविषयी. बक्षीसपत्राची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून मिळवा. अंगठ्याबाबत जरा सावध राहायला सांगतो. नोंदणीच्या वेळी प्रत्येकाचे छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा घेतातच, तेव्हा त्या पानावरच्या ठशाला काही अर्थ नाही. दस्ताच्या शेवटी, जेथे लिहून देणाराने निष्पादन, म्हणजे दस्त मान्य असल्याची सही, करायचे असते, तेथे सहीऐवजी अंगठा असेल तर प्रश्न उभा राहतो. तो दस्त वाचून दाखवल्याची नोंद आहे का, साक्षीदार कोण आहेत, नोंदणी कार्यालयात झाली की अधिकारी घरी आले, हे पाहा. आजार आणि थरथरता हात यांमुळेही अंगठा घेतला जातो, त्यामुळे एवढ्यावर दस्त रद्द होत नाही. पण आजी सर्वस्वी काकांवर अवलंबून होत्या आणि लाभ काकांनाच झाला, एवढे सिद्ध झाले तर व्यवहार सचोटीचा होता हे दाखवण्याचा भार बराचसा काकांवर येतो.

दस्त रद्द करून मागण्याची मुदत, तो रद्द होण्याजोगा असल्याचे तुम्हाला कळले तेव्हापासून 3 वर्षांची आहे. 2007 च्या कायद्याचे कलम 23, ज्याखाली सांभाळाच्या अटीवर दिलेले बक्षीस रद्द होते, ते मुळात ज्येष्ठांच्या स्वतःच्या संरक्षणासाठी आहे. त्यांच्या पश्चात तुमचा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. वडील आजींच्या आधी गेले असल्याने हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 नुसार त्यांच्या जागी तुम्ही वारस ठरता, म्हणून दावा लावण्याचा हक्क तुम्हाला आहे. बागेचा सातबारा सामाईक होता का, हेही तपासा. तसा असेल तर आजी फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकत होत्या. फेरफार मंजूर झाला म्हणून खचून जाऊ नका; तो महसुली नोंद आहे, मालकीचा निर्णय नव्हे.

खुंटीवरची ती कॅलेंडरची पाने तुमच्या ताब्यात घ्या किंवा निदान एकेका पानाची छायाचित्रे काढा. आजी कोणत्या तारखेपर्यंत स्वतः लिहीत होत्या, अक्षर कधी बिघडले, कधी थांबले, हे त्यांवरून दिसेल, आणि हस्ताक्षरतज्ज्ञाला तुलनेसाठी तोच सर्वात चांगला नमुना ठरेल. त्यांची पत्रे, पोस्टातले जुने सहीचे फॉर्म आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेचे संमतिपत्र हेही मिळवा. रुग्णालयात त्यांनी सही केली की अंगठा दिला, हे बक्षीसपत्राच्या तारखेच्या मागेपुढे असेल तर फार उपयोगी पडेल.

त्याआधी मात्र धाकट्या आजींच्या नावे काही नवी नोंद होत आहे का, ते ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडे, जाऊन पाहा. फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकतीसाठी 15 दिवस असतात, आणि ती नोटीस लागते तलाठी सजात, मुंबईला नव्हे.