वाटाण्याएवढं औषध, बारा आठवडे

बाळ,

दिवसातून पाच वेळा तोंड धुतेस, ते आधी थांबव. मुरुम मळाने येत नाहीत. वयात येताना संप्रेरकांमुळे तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, त्यातच रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं. आत तेल साचतं, त्वचेवर एरवीही असणारे जिवाणू तिथे वाढतात आणि सूज येते. नाकावरचे काळे ठिपकेही घाण नव्हेत, उघडं राहिलेलं बूचच काळवंडलेलं असतं. घासून त्वचा तेवढी सोलवटते. सौम्य फेसवॉशने दोनदा धू, पुरे.

बूच सैल करायला रात्री अ‍ॅडापलीन ०.१ टक्के जेल. चेहरा धुऊन टिपून घे आणि वीसेक मिनिटं थांब, ओल्या त्वचेवर ते जास्त झोंबतं. वाटाण्याएवढंच घेऊन कपाळ, गाल, हनुवटीवर ठिपके दे नि पसरव. टिकली लावल्यासारखं नुसतं पुटकुळीवर लावू नकोस. आज दिसणारी पुटकुळी आत केव्हाच सुरू झालेली असते, औषध पुढच्या रोखायला आहे. डोळ्यांच्या कडा, ओठांचे कोपरे, नाकपुडीची खाच सोड. पहिले दोन आठवडे एक रात्रीआड लाव. त्वचेच्या साली निघतील, लाली येईल, मुरुम वाढल्यासारखेही वाटतील. बहुतेक जण इथेच ट्यूब फेकतात. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. दिवसा सनस्क्रीन हवंच.

पुवाच्या पुटकुळ्या असतील तर सकाळी बेन्झॉईल पेरॉक्साइड २.५ टक्के. त्याने ओढणीचा, अभ्र्याचा रंग उडतो, म्हणून टॉवेल पांढराच ठेव. नुसतं क्लिंडामायसिन, म्हणजे जिवाणू मारणारं अँटिबायोटिक, महिनोन्‌महिने लावलं की जिवाणू त्याला दाद देत नाहीत.

मैत्रिणीच्या ‘गोरं करणाऱ्या’ ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल दिसलं तर ते स्टेरॉइड. आठवडाभर चेहरा तुकतुकीत, सोडलं की मुरुम उसळून येतात. लिंबू आणि टूथपेस्टने त्वचा भाजते, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर तो डाग महिनोन्‌महिने हटत नाही.

खोल दुखऱ्या गाठी, पडणारे खड्डे, अनियमित पाळी, हनुवटीवर राठ केस, यातलं काही असेल तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठ. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या लिहून दिल्या तर त्या चालू असताना आणि नंतर किमान महिनाभर गर्भ राहता कामा नये, बाळाला व्यंग येऊ शकतं. अ‍ॅडापलीनही गरोदरपणात बंद. लग्न ठरत असेल तर डॉक्टरांना आधीच सांग, लाजू नकोस.

केसांच्या कडेलाच बारीक पुटकुळ्या असतील तर डोक्याला तेल चोपडून झोपणं सोड. आणि आज खिडकीच्या उजेडात एक फोटो काढून ठेव. पुढचा चार आठवड्यांनी, त्याच जागी, त्याच वेळी.