भुवई की पापणी?

प्रिय डॉक्टर,

(तुला अशी हाक मारताना अजून गंमत वाटते. माझ्या ओपीडीत चष्म्याचे नंबर काढत बसलेली तूच डोळ्यांसमोर येतेस.)

पन्नाशीच्या बाई "पापणीची जादा कातडी काढून द्या" म्हणत आल्या आणि तू लगेच ऑपरेशनची तारीख द्यायला निघालीस. जरा थांब. त्यांना आरशासमोर बसव. डोळे मिटून कपाळ सैल सोडायला सांग, मग आठ्या न घालता अलगद उघडायला सांग. आता अंगठ्याने भुवई उचलून डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या कडेपेक्षा किंचित वर धर (पुरुष असेल तर कडेवरच). पापणीवरची घडी जवळपास गेली, तर दुखणं भुवईचं आहे.

मी एकदा हे केलं नव्हतं. प्रॅक्टिसची पहिली वर्षं. एका बाईंच्या पापण्यांची कातडी भरपूर काढली, टाकेही सुरेख बसले. महिन्याभराने पाहते तर भुवया आणखी खाली! पापणी आड येत होती म्हणून त्या दिवसभर कपाळ ताणून भुवया वर धरत होत्या. अडथळा गेला आणि कपाळाने काम सोडलं. "आता सगळे विचारतात, रागावलात का," त्या म्हणाल्या. त्यांचा लग्नातला फोटो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तू आधी मागून घे. काहींची भुवई पंचविशीतही खालीच असते.

भुवई वर उचलणारा स्नायू एकच, कपाळाचा फ्रंटॅलिस. खाली ओढणारे मात्र चार: ऑर्बिक्युलॅरिस, करुगेटर, प्रोसेरस आणि डिप्रेसर सुपरसिली. त्यातून फ्रंटॅलिस बाहेरच्या टोकापर्यंत धड पोचतही नाही, म्हणून वय झालं, उन्हाने कातडी सैल पडली की भुवईची शेपटी आधी उतरते.

एकच भुवई उतरली असेल तर सौंदर्याचं नाव काढू नकोस, आधी चेहऱ्याची नस तपास. बेल्स पाल्सीत (ही नस अचानक लुळी पडते तेव्हा) त्या बाजूच्या कपाळाला आठी पडत नाही. तोंड अचानक वाकडं झालंय पण आठी दोन्हीकडे पडते, तर मेंदूच्या झटक्याचा (स्ट्रोकचा) संशय घे आणि पेशंटला तडक मोठ्या हॉस्पिटलात पाठव. आणि हो, कपाळावर इंजेक्शन घेतलं होतं का, हेही विचार. लोक आपणहून सांगत नाहीत. बोटॉक्स (स्नायू सैल करणारं औषध) फ्रंटॅलिसमध्ये फार खाली पडलं की भुवई बसते. औषधाचा असर ओसरतो आपोआप, पण काही आठवडे-महिने धीर देत बसावं लागतं.

त्याच बोटॉक्सने भुवई उचलताही येते. मूळ औषध आपल्याच खात्यातलं बरं का! व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स पापण्या फडफडणाऱ्या रुग्णांना ते देत असत. आठ्या जातात हे लक्षात आल्यावर त्यांनी आणि त्यांचे त्वचातज्ज्ञ पती अॅलिस्टर यांनी 1992 मध्ये त्यावर लेख लिहिला. बाहेरच्या बाजूच्या ऑर्बिक्युलॅरिसमध्ये थोडंसं दिलं की शेपटी 1-2 मिलिमीटर वर येते आणि 3-4 महिने टिकते. तेवढंच मिळेल, हे आधी सांग.

दोऱ्याच्या लिफ्टवर (कातडीखालून दोरा घालून भुवई ओढून धरायची) माझा विश्वास बसत नाही. टिकत नाही आणि पैसे मात्र भक्कम. फिलर (कातडीखाली भरायचं जेल) दोन भुवयांच्या मधे किंवा आसपास भरताना भीती कधी सोडू नकोस: रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते.

ऑपरेशनच करायचं तर माणूस बघून कर. भुवईच्या वरून कातडीची पट्टी काढणं सोपं आणि खात्रीचं, पण व्रण दिसतो. जाड भुवयांच्या, कपाळावर खोल आठ्या असलेल्या आजोबांना तो लपतो. नस गेलेल्यांनाही हेच बरं. तरुण बाईला केसांत लपणाऱ्या छोट्या छेदांतून एंडोस्कोपिक (दुर्बिणीने केलेली) लिफ्ट, पण कपाळ काही काळ बधिर राहील आणि नसेला धोका असतो, हे कागदावर लिहून दे.

त्या बाईंना परत बोलाव, जुना फोटो घेऊन. मग मला फोन कर. दुपारी नको, मी झोपते.

तुझी,
मॅडम